पालकांची यादी आणि शाळेचा निरोप : वाचकांचे प्रश्न

शाळेने पालकांशी संपर्क कसा ठेवावा आणि त्यांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक कसे सांभाळावेत, या विषयावर कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि शाळांची नावे दिलेली नाहीत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी राजारामपुरी परिसरातील एका अनुदानित हायस्कूलमध्ये लिपिक आहे. आमच्याकडे सुमारे आठशे पालकांचे ई-मेल पत्ते आहेत. पालकसभेची सूचना कार्यालयाच्या जीमेल खात्यातून चारशे-चारशेच्या दोन खेपांत पाठवली गेली आणि सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात होते. काही पालकांनी ‘रिप्लाय ऑल’ करून आपापल्या तक्रारी सर्वांना पाठवल्या, त्यानंतर एका खासगी क्लासच्या जाहिराती पालकांना येऊ लागल्या, आणि दुसऱ्या खेपेतील बहुतेकांना सूचना मिळालीच नाही. आता काय करावे?

उत्तर : दुसरी खेप का गेली नाही, याचे कारण सोपे असल्यामुळे ते आधी सांगून टाकू. विनामूल्य जीमेल खात्यातून दिवसाला साधारण ५०० जणांनाच पत्र पाठवता येते. ही मोजणी पत्रांची नसून ज्यांना पत्र जाते त्या पत्त्यांची असते, आणि मर्यादा ओलांडली की खात्यातून पत्र पाठवणे एक दिवसापर्यंत बंद होते. पत्ते ‘बीसीसी’मध्ये, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या रकान्यात, घातल्याने या मर्यादेत सूट मिळत नाही. पात्र शाळांना गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन या शाळांसाठीच्या ई-मेल व कार्यालयीन सेवेची मूळ आवृत्ती विनामूल्य मिळते, तिच्यात ही मर्यादा बरीच मोठी असते. त्यासाठी शाळेच्या नावाचे स्वतंत्र डोमेन (इंटरनेटवरील पत्ता) मात्र घ्यावे लागते. आठशे पालक असलेल्या शाळेने हा खर्च टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्ते उघड होण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पालकाने आपला पत्ता शाळेला दिला तो मुलाच्या शिक्षणापुरता; इतर पालकांना किंवा त्यांच्यामार्फत एखाद्या क्लासचालकाला तो मिळावा, अशी संमती त्याने कधीच दिलेली नव्हती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरणे, ती सुरक्षित ठेवणे आणि ती फुटल्यास संबंधितांना कळवणे, हे या कायद्याचे गाभ्याचे मुद्दे आहेत. मुदत अजून आहे म्हणून थांबण्यात अर्थ नाही. मुख्याध्यापकांच्या सहीने सर्व पालकांना एक छोटे पत्र जावे. काय घडले, कोणती माहिती इतरांना दिसली आणि पुढे काय बदलणार आहे, हे त्यात सरळ शब्दांत असावे, आणि मिळालेली ई-मेल जतन न करता काढून टाकण्याची विनंतीही असावी. असे पत्र गेल्याने शाळेची नाचक्की होते, ही भीती मला पटत नाही. क्लासच्या जाहिराती येऊ लागल्यावर पालकांनी काय ते ओळखलेलेच असते. शाळेने मौन पाळले तर तेवढेच त्यांच्या लक्षात राहते.

पुढच्या पत्रांसाठी ‘बीसीसी’ हा तात्पुरता उपाय आहे. तो पाठवणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून असतो आणि परीक्षेच्या धावपळीत सावधपणा कमी पडतो. त्यापेक्षा प्रत्येक तुकडीचा एक गुगल ग्रुप (एका पत्त्यावर पाठवलेले पत्र सर्व सदस्यांना पोहोचवणारी सोय) करावा, त्यात पत्र पाठवण्याचा अधिकार फक्त कार्यालयाला आणि वर्गशिक्षकांना द्यावा, आणि सदस्यांची यादी व्यवस्थापकांखेरीज कोणालाही दिसणार नाही अशी मांडणी करून ठेवावी. मग घाईत पत्र पाठवले तरी पत्ते उघड होत नाहीत आणि एका पालकाचे उत्तर आठशे घरांत जात नाही. उत्तर कोणाकडे यावे, तो पत्ताही ठरवून द्यावा. पालकाच्या तक्रारीला वाटच नसली की ती ‘रिप्लाय ऑल’मधून बाहेर पडते, हे आपण पाहिलेच आहे.

आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. ही यादी आज कोणाच्या संगणकावर आहे? अनेक शाळांत कार्यालयातील एक एक्सेल फाइल, परीक्षा विभागाने तिची केलेली प्रत, एखाद्या शिक्षकाच्या पेन ड्राइव्हवरील तिसरी प्रत आणि प्रत्येक वर्गशिक्षकाच्या मोबाइलमधील क्रमांक असा पसारा असतो. एका पालकाचा क्रमांक बदलला की तो एका जागी सुधारला जातो आणि उरलेल्या ठिकाणी जुनाच राहतो. जनरल रजिस्टर जसे एकच असते, त्यात खाडाखोड कोणी आणि कोणाच्या सहीने करायची हे ठरलेले असते, तशीच पालकांची यादी एकच असली पाहिजे. बाकी सारे ग्रुप, संदेश आणि छापील तक्ते तिच्यातूनच निघावेत. ती सुधारण्याचा अधिकार दोनच व्यक्तींना असावा. दोन यासाठी, की एकाची बदली किंवा निवृत्ती झाली तर काम अडू नये. खाते शाळेच्या नावाचे असावे, आणि पासवर्ड विसरल्यास ज्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक येतो तो मोबाइलही शाळेचाच असावा. निवृत्त झालेल्या लिपिकाच्या मोबाइलशी जोडलेले शाळेचे खाते ही ऐन निकालाच्या दिवसांत मोठी अडचण ठरते.

मूल दाखला घेऊन गेले की त्या पालकाचा पत्ता चालू यादीतून त्याच दिवशी कमी करावा. दाखल्याच्या अर्जावर ‘संपर्क यादीतून कमी केले’ असा एक रकाना आणि त्यापुढे सही एवढी व्यवस्था त्यासाठी पुरते.

प्रश्न : आमच्या कार्यालयात सूचना श्रीलिपीत टाइप होतात. ई-मेलने पाठवल्यावर काही पालकांना ती अक्षरे निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. संगणक बदलावा लागेल का? (मंगळवार पेठ)

उत्तर : संगणक बदलण्याची गरज नाही. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर वाचणाऱ्याकडे तोच फाँट असला तरच मराठी दिसतो, आणि पालकांच्या मोबाइलमध्ये तो नसतो. सूचना युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर व मोबाइलवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करावी. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासूनच असतो. सवय होईपर्यंत जुन्या मजकुराची पीडीएफ करून ती जोडता येईल, पण तारीख, वेळ आणि ठिकाण तरी युनिकोडमध्ये पत्राच्या मजकुरातच लिहावे, कारण जोडलेली फाइल पुष्कळ पालक उघडत नाहीत.

प्रश्न : आम्ही प्रयाग चिखलीला राहतो आणि मुलगी शहरातील शाळेत सातवीत आहे. पंचगंगेला पाणी चढले की ‘उद्या शाळांना सुट्टी’ असे संदेश सुरू होतात. एकदा आलेला आदेशाचा फोटो आदल्या वर्षीचा निघाला. आम्ही मुलीला घरी ठेवले आणि तिची चाचणी बुडाली. दुसऱ्यांदा सुट्टी खरी होती, पण शाळेचा निरोप ती व्हॅनमध्ये बसल्यानंतर आला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतके संदेश असतात की शाळेचा कोणता आणि पालकांचा कोणता, हे कळत नाही. आम्ही शाळेला नेमके काय सुचवावे?

उत्तर : आपल्यासारख्या पूरपट्ट्यातील पालकांसाठी हा प्रश्न मुलांच्या सुरक्षेचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अतिवृष्टी आणि पुराच्या काळातील सुट्टीचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे असते. आदेशावर तारीख आणि जावक क्रमांक असतो, आणि सुट्टी संपूर्ण जिल्ह्याला आहे की काही तालुक्यांनाच, हेही त्यात लिहिलेले असते. हातात आलेल्या फोटोत या तीन गोष्टी पाहिल्या तर जुना किंवा दुसऱ्या तालुक्याचा आदेश बहुधा ओळखता येतो. आपत्तीसंबंधी खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणे हा याच कायद्याच्या कलम ५४ खाली गुन्हा आहे, हे ग्रुपवर एकदा सर्वांना सांगितलेले बरे.

परंतु रात्री अकरा वाजता आदेशाचा जावक क्रमांक तपासत बसणे, हे पालकाचे काम नाही. ते शाळेचे काम आहे, आणि आपण शाळेला पहिली सूचना करावी ती अशी : शाळेने सुट्टी असेल तेव्हा तर कळवावेच, पण सुट्टी नसेल तेव्हाही कळवावे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांवर गेले की त्या दिवसापासून शाळेने रोज रात्री ठरलेल्या वेळी आणि पहाटे व्हॅन निघण्यापूर्वी एक संदेश पाठवावा, मग तो ‘उद्या शाळा नियमित भरेल’ एवढाच का असेना. पाणी उतरेपर्यंत हा क्रम मोडू नये. शाळा गप्प असते त्या तासांतच जुने आदेश फिरू लागतात. ठरलेल्या वेळी शाळेचा शब्द येतो हे पालकांना माहीत असले की बाकीच्या फोटोंकडे कोणी वळत नाही.

दुसरी सूचना यादीच्या मांडणीबद्दल आहे. शाळांच्या याद्या इयत्ता आणि तुकडीप्रमाणे असतात, पण पाणी तुकडीप्रमाणे चढत नाही. चिखली आणि आंबेवाडीचा रस्ता बंद होतो तेव्हा ताराबाई पार्कात व्यवहार सुरळीत चालू असतात. म्हणून त्याच एका यादीत गाव आणि व्हॅनचा मार्ग असे दोन रकाने असावेत, म्हणजे एका मार्गावरील पालकांना वेगळा निरोप पाठवता येईल आणि ज्यांचा रस्ता बंद आहे त्यांची गैरहजेरी लागणार नाही. व्हॅनवाल्या काकांचा आणि रिक्षामामांचा क्रमांक या यादीत हवाच. आपल्या बाबतीत निरोप त्यांना आधी मिळाला असता तर मुलगी व्हॅनमध्ये बसलीच नसती. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात वीज गेली, मोबाइलचे जाळे कोलमडले, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. अशा वेळी गुगल ग्रुपही उपयोगी पडत नाही आणि व्हॉट्सॲपही नाही. पावसाळ्यापूर्वी गावनिहाय छापलेली एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद असावी आणि प्रत्येक मुलापुढे पूरपट्ट्याबाहेर राहणाऱ्या एका नातेवाइकाचा क्रमांक असावा, अशी मागणी आपण अवश्य करावी.

राहिला ग्रुपवरील गोंधळ. त्यावर व्हॉट्सॲपमधील कम्युनिटीची सोय वापरता येते. तिच्या घोषणा ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन संदेश टाकू शकतात आणि सदस्यांचे क्रमांक एरवी एकमेकांना दिसत नाहीत. काही शाळा ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय) वापरतात. तिची मर्यादा २५६ जणांची आहे, आणि ज्या पालकाने शाळेचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये जतन केलेला नाही त्याला संदेश पोहोचतच नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पालकांना आपसात बोलायला जागा हवी असते आणि ती असावीही, पण ती शाळेच्या निरोपाच्या जागेपासून वेगळी असावी. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल आपल्यावर कारवाई होईल, अशा धास्तीने काही वर्गशिक्षक ग्रुप चालवण्यास नकार देतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातील एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमच्या संस्थेने यंदापासून सर्व सूचना ई-मेलनेच पाठवायचे ठरवले आहे. माझ्या शाळेतील बहुतेक पालक शेतमजूर, यंत्रमाग कामगार आणि वीटभट्टीवर काम करणारे आहेत. फॉर्मवर ई-मेलचा रकाना भरलेला दिसतो, पण पाठवलेले कोणी वाचत नाही. संस्थेला काय सांगू?

उत्तर : बाई, संस्थेला आपण आधी हे सांगावे की फॉर्मवर पत्ता लिहिलेला असणे आणि पालकापर्यंत पोहोचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्मार्टफोन सुरू करताना ई-मेल खाते मागितले जाते, म्हणून ते पुष्कळदा मोबाइल दुकानदाराने उघडून दिलेले असते. पत्ता खरा असतो, पत्र परतही येत नाही, पण पालकाला पासवर्ड माहीत नसतो आणि ई-मेल कुठे वाचायची हेही माहीत नसते. म्हणजे कार्यालयाच्या नोंदीत सूचना ‘पाठवली’ असते आणि घरी ती पोहोचलेली नसते. अशा नोंदीच्या आधारे उद्या एखाद्या आईला ‘तुम्हाला कळवले होते’ असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

१५ जूनला शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच पालकसभेत वर्गशिक्षकांनी प्रत्येक पालकाशी समोरासमोर बोलून माहिती घ्यावी. घरातील कोणता फोन संध्याकाळी चालू असतो आणि तो कोणाच्या हाती असतो, निरोप वाचता येतो की ऐकवलेला बरा, आणि फोन लागला नाही तर शेजारी कोणाला कळवावे, हे विचारून कागदावर लिहावे व पालकाची सही किंवा अंगठा घ्यावा. ज्याला ई-मेल हवी त्याला ती अवश्य द्यावी. परंतु ती पालकाने निवडलेली सोय असावी. सर्वांवर लादलेला तो एकमेव मार्ग असू नये. एवढे झाल्यावर आठवडाभरात एक चाचणी निरोप पाठवावा आणि ज्यांचे उत्तर आले नाही त्यांच्या नावापुढे खूण करून वर्गशिक्षकांनी फोन करावा. या एका फेरीत बरेच चुकीचे क्रमांक सापडतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर यादी पुन्हा तपासणे आपल्या भागात फार गरजेचे आहे. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरगावची मुले शाळेत येतात आणि गळीत संपताच जातात. त्यांच्या पालकांचे क्रमांक हंगामापुरतेच टिकतात. शिवाय रिचार्ज न झाल्याने बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मुलीच्या आजारपणाचा किंवा गैरहजेरीचा निरोप अनोळखी माणसाच्या हाती पडणे किती धोक्याचे आहे, हे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना याच उदाहरणाने समजावून द्यावे.

साध्या फोनवर एसएमएस जातो, पण देवनागरीतील एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हेच बसतात आणि रोमनमध्ये १६०. पैसे वाचवण्यासाठी काही शाळा रोमन लिपीत मराठी लिहितात. जे पालक जेमतेम मराठी वाचतात त्यांना ती लिपी वाचता येत नाही, तेव्हा ही काटकसर करू नये. ‘उद्या सकाळी ११ वाजता पालकसभा. जरूर यावे. मुख्याध्यापिका’ हा मजकूर ७० च्या आत बसतो. एकाच वेळी अनेकांना एसएमएस पाठवण्यासाठी दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेची आणि संदेशाच्या नमुन्याची आधी नोंदणी करावी लागते. हे काम संस्थेने सर्व शाळांसाठी एकदाच करून द्यावे, अशी मागणी आपण ई-मेलच्या निर्णयाला उत्तर म्हणून लेखी करावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोन आणि मुलांच्या वहीतील सूचनेवर पालकाची सही ही जुनी पद्धत चालूच ठेवावी. तिला मागासलेली म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या शाळेतील पालकसभेला येऊन बसावे.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून गडहिंग्लजला माहेरी राहते, मुलगा कोल्हापुरात वडिलांकडे असतो. घटस्फोट झालेला नाही. शाळेच्या यादीत फक्त वडिलांचा ई-मेल आणि मोबाइल आहे; मला मुलाच्या निकालाचीही माहिती मिळत नाही. मला शाळेकडे मागता येईल का?

उत्तर : ताई, नक्की मागता येईल. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहावा, त्यात मुलाचे नाव, इयत्ता, आपला पत्ता, मोबाइल व ई-मेल द्यावा, मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जोडावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात मान्य केले आहे. आपल्याला माहिती देऊ नये असा न्यायालयाचा आदेश नसेल, तर केवळ वडिलांच्या तोंडी सांगण्यावरून शाळेने नकार देणे योग्य नाही. तसा आदेश असल्यास मात्र शाळेला तो पाळावाच लागेल.

शाळांनाही या निमित्ताने सांगावेसे वाटते की यादीत ‘पालक’ असा एकच रकाना ठेवू नये. आईचा आणि वडिलांचा संपर्क वेगळा नोंदवावा, दोघांना पत्र स्वतंत्र जावे, आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसू नये. वेगळे राहणाऱ्या आईचा नवा पत्ता शाळेच्या एका ई-मेलमुळे उघड झाला, तर त्याचे परिणाम तिला भोगावे लागतात. मूल शाळेतून कोणी न्यावे हा प्रश्न स्वतंत्र आहे. त्याची नोंद संपर्क यादीत मिसळू नये.

प्रश्न : मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचा सदस्य आहे. मुलांसाठी मोफत नेत्रतपासणी शिबिर भरवायचे आहे. त्यासाठी सर्व पालकांची यादी मागितली असता मुख्याध्यापकांनी नकार दिला. समितीला यादी मागण्याचा हक्क नाही का? (शाहूपुरी)

उत्तर : मुख्याध्यापकांचा नकार योग्य आहे. समितीला निर्णयात सहभागी होण्याचा अधिकार आहे, त्यातून इतर पालकांचे क्रमांक मिळण्याचा अधिकार निर्माण होत नाही, आणि हेतू चांगला असला तरी यात फरक पडत नाही. आपण शिबिराचा मजकूर तयार करून शाळेकडे द्यावा आणि तो शाळेच्या नावाने पाठवावा, अशी लेखी विनंती करावी. ज्या पालकांना यायचे आहे ते शिबिराच्या नोंदवहीत आपला क्रमांक स्वतः लिहितील. ती नोंदवही तपासणी करणाऱ्या रुग्णालयाकडे किंवा चष्म्याच्या दुकानाकडे राहणार असेल, तर तसे वहीच्या वरच्या बाजूला ठळक लिहावे, आणि क्रमांक न देताही मुलाचे डोळे तपासून मिळतील, याची हमी आयोजकांकडून आधीच घ्यावी.